काळ्या वाळूतली पांढरी मुळं

सुरुची अकरावीत गेली आणि खानविलकरांच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकच प्रश्न सुचू लागला. चहाचा कप खाली ठेवायच्या आत तो यायचाच. "मग, पुढे काय ठरवलंय?" सुरुची आधी आईकडे बघायची, मग बाबांकडे, आणि म्हणायची, "नॉट शुअर, अंकल." एवढं बोलून ती आत निघून जायची. पाहुणे गेले की विनिता नवऱ्याला म्हणायची, "अहो, बाकीची पोरं बघा. कुणी मेडिकल म्हणतंय, कुणी कॉम्प्युटर. आपल्या बाईला काही म्हणजे काही वाटत नाही."

शरदला ते खरं वाटत नसे, पण खोडूनही काढता येत नसे. मुलगी हुशार होती, मार्क चांगले होते. फक्त तिला कशाचं अप्रूप नव्हतं. तो स्वतः चिपळूणजवळच्या खेड्यातला. लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात पहिल्या दिवशी कंट्रोल रूममध्ये शिरला, तेव्हा भिंतभर काटे आपापल्या तालात हलताना बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्या भिंतीनेच त्याला पुढे कुवेतला आणलं, शुऐबाच्या तेलशुद्धीच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर केलं, फहाहीलमध्ये समुद्राच्या वाऱ्याचा फ्लॅट दिला. लेकीलाही एकदा असं तोंड उघडं राहण्याचं भाग्य लाभावं, एवढंच त्याला हवं होतं. ते केमिकल इंजिनिअरिंगकडे बघून राहिलं तर सोन्याहून पिवळं, पण हे तो बोलून दाखवत नसे.

गोष्ट १९९५ च्या हिवाळ्यातली. खालच्या मजल्यावर शैलाताई राहायच्या. फरवानियाला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये त्या टेक्निशियन होत्या. एकदा जिन्यात शरदने त्यांच्यापाशी मन मोकळं केलं.

"शरदभाऊ, पाहुण्यांच्या तोंडून ऐकून तिला काय कळणार?" शैलाताई म्हणाल्या. "दाखवा की तिला. माणसं कामावर असताना कशी दिसतात ते बघू दे. घरी येतो तेव्हा आपण सगळे सारखेच दमलेले."

हे शरदच्या डोक्यात बसलं. ओळखीपाळखीच्या माणसांना फोन करून तो गुरुवारच्या सुट्टीत लेकीला घेऊन निघू लागला. एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये ती सकाळभर कोपऱ्यात बसून राहिली. सालमियात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तिला पुठ्ठ्याचा अख्खा मॉल दाखवला गेला. एका बँकवाल्यांनी तर तिला स्वतःच्या खुर्चीत बसवून शेअरबाजार समजावला. परतताना गाडीत शरद विचारायचा, "कसं वाटलं?"

"छान होतं," सुरुची म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची.

शेवटी त्याने हुकमाचं पान काढलं. साहेबांची परवानगी घेऊन तिला शुऐबाला आपल्या प्लांटवर नेलं. डोक्यावर मोठं झालेलं हेल्मेट एका हाताने सावरत ती त्याच्यामागून फिरली. त्याने उंच मनोरे दाखवले, कुठल्या पाइपातून काय जातं ते सांगितलं, कंट्रोल रूममध्ये नेऊन उभं केलं. आता काट्यांच्या जागी कॉम्प्युटरचे पडदे आले होते, पण ती भिंत अजून भिंतच होती. सुरुचीने ती नीट पाहिली. मग पडद्यासमोर बसलेल्या फिलिपिनो ऑपरेटरला तिने इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला कंटाळा येत नाही?"

ऑपरेटर खळखळून हसला. शरदही हसला.

पुढच्या गुरुवारी त्याला कुठे जायचा उत्साहच नव्हता. शैलाताईंची ड्यूटी होती. त्या म्हणाल्या, "चल गं माझ्याबरोबर, निदान इस्पितळाचं कॅन्टीन तरी बघशील." सोबत म्हणून शरदही गेला.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. फ्रिज, ओटे, उबवणीच्या कपाटासारखी दोन यंत्रं. शैलाताईंनी त्यातून एक काचेची बशी काढली. बशीत खरवसासारखा थर आणि त्यावर मोहरीएवढे पिवळट ठिपके. "काल इथे काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "एका पेशंटचा पू लावून ठेवला होता." त्यातल्या एका ठिपक्याचा कण त्यांनी काचेवर पसरला, रंग घातला, धुतला आणि काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. "बघ."

सुरुची वाकली. मग म्हणाली, "द्राक्षांचे घोस आहेत."

"त्यातलं एकेक द्राक्ष म्हणजे एकेक जीव."

"एका ठिपक्यात हे सगळे?"

"अख्ख्या कुवेतात माणसं नसतील एवढे."

शैलाताई आपल्या कामाला लागल्या. सुरुची स्टुलावरून हलली नाही. शरदनेही एकदा डोळा लावला. त्याला जांभळे ठिपके दिसले, बाकी काही नाही. त्याने लेकीकडे पाहिलं. ती आपली पाळी परत कधी येते याची वाट बघत होती.

"काकू," ती एकदम म्हणाली, "हे सगळेच आजारी पाडतात का?"

"छे गं. बहुतेक सगळे आपल्या वाटेला जात नाहीत. पण ते आमच्याकडे कशाला येतील? पोलीस ठाण्यात बसलेल्याला चोरच दिसणार."

"मग बाकीच्यांकडे कोण बघतं?"

शैलाताईंचा हात थांबला. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "एक बाई आहेत," त्या आठवून म्हणाल्या. "मागे आमच्या इथे काही सामान मागायला आल्या होत्या. मातीतल्या जंतूंवर काम करतात. डॉक्टर फखरुन्निसा. आणि गंमत माहितीय? आपल्या परभणीच्या आहेत."

घरी जाताना शरदने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सुरुची खिडकीबाहेर न बघता समोर बघत होती, आणि मधूनच तिचे ओठ हलत होते.

डॉक्टर फखरुन्निसांचा नंबर मिळवायला आठवडा गेला. फोनवर शरदने अदबीने इंग्रजीत सुरुवात केली. पलीकडून खणखणीत मराठी आलं. "खानविलकर म्हंजे कोकणातले का? बोला की मराठीत. मला कोण भेटतंय इथं बोलायला?" त्याने लेकीबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "लॅबमधी काय दाखवू तिला, बाटल्या? पाऊस पडून गेलाय, मला येत्या शुक्रवारी रानात जायचंय. या दोघं."

रान म्हणजे वाळवंट, हे शरदला फोन ठेवल्यावर उमगलं.

मार्चची सकाळ होती. डॉक्टरांच्या संशोधन संस्थेच्या जीपमध्ये पुढे त्या स्वतः, मागे बाप-लेक. डॉक्टर पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी, पायात पुरुषी बूट. अहमदी मागे पडलं. एका चौकीवर शिपायाने त्यांचा तसरीह, म्हणजे आत जायचा परवाना, उलटसुलट करून बघितला आणि दांडा वर केला. "लढाईतले सुरुंग काढलेत म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या, "पण चाकाच्या खुणा सोडून पाय टाकायचा नाही. मी पुढं, माझ्या पावलावर पाऊल."

शरद या बाजूला गेली कित्येक वर्षं आला नव्हता. टाळलंच होतं म्हणा ना. जीप थांबली आणि तो उतरला, तेव्हा समोर वाळू नव्हतीच. काळीकुट्ट, कडक झालेली पापडी होती, डांबराचा रस्ता क्षितिजापर्यंत पसरावा तशी. मधल्या खोलगटांत ते काळं अजून चकाकत होतं. तेलाचा जुना, ओळखीचा वास आला आणि जीपचं दार धरून तो तिथेच उभा राहिला.

"बाबा?" सुरुची म्हणाली.

"काही नाही. चल."

त्या काळ्यात मधेमधे हिरवी झुडपं होती. गुडघ्याएवढी, पिवळ्या बारीक फुलांची. अरबी लोक त्यांना अरफज म्हणतात. झुडपांवर चक्क मधमाश्या होत्या. डॉक्टर एका लहानशा रोपाजवळ थांबल्या आणि सुरुचीला म्हणाल्या, "उपट."

"मी?"

"तूच. खालून धर, ओढ."

सुरुचीने पापडी फोडली, बोटं आत घातली आणि रोप ओढलं. तिची बोटं काळी झाली. खोडाचा खालचा भाग काळा होता. पण मुळं बाहेर आली ती पांढरी होती. नारळाच्या ओल्या खोबऱ्यासारखी स्वच्छ पांढरी. भोवतीची वाळू तेलाने चिकट आणि त्या मुळांना तेलाचा डाग नाही.

सुरुची तिथेच गुडघ्यांवर बसली. जीन्स काळी होईल याची तिला शुद्ध नव्हती. मुळं तिने तळहातावर घेतली, उन्हाकडे धरली, नाकापाशी नेली. "ह्यांना धुतलं कुणी?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"धुणारे तिथंच बसलेत," डॉक्टर म्हणाल्या. "मुळावर. तुला दिसायचे नाहीत. तेल खायलेत ते."

"खातात? तेल?"

"आपण भाकरी खातो तसं. झाड त्यांना आसरा देतं, मुळातून थोडं गोड देतं. ते झाडाचं अंगण साफ ठेवतात."

"ते इथे सोडले कुणी? तुम्ही?"

"मी कोण सोडणार बेटा? ते आधीपासूनच होते. या देशात जमिनीतून तेल थोडंथोडं पाझरतच आलंय, माणूस यायच्या आधीपासून. त्यांना सवय हाय तेलाची. त्यांना आपण माहीत नव्हतो आणि आपल्याला ते."

शरद खाली वाकला. लेकीच्या हातातून त्याने ते रोप घेतलं. वजन काहीच नव्हतं. मुळांवरून त्याने अंगठा फिरवला, अंगठा कोरडाच राहिला. तेलाबरोबर त्याचा जन्म गेला होता. साबणाने, रॉकेलने, चिंध्यांनी घासघासून न जाणारं तेल त्याला ठाऊक होतं. आणि इथे कुणीतरी, डोळ्यांना न दिसणारं, कुणी न सांगता, हे करून बसलं होतं.

"एक्याण्णवच्या जूनमध्ये मी परत आलो ना," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते त्यालाही कळलं नाही. "तू आणि आई गावीच होतात. भर दुपारी गाडीचे दिवे लावून जायचो. सूर्य दिसायचा नाही. युद्धात पेटवलेल्या तेलाच्या विहिरी जळत होत्या, एक नाही, शेकड्यांनी. आवाज यायचा, सारखा, समुद्र खवळल्यासारखा. पांढरा शर्ट घालून बाहेर पडलं की त्यावर काळे थेंब पडायचे. वरून. रस्त्याच्या कडेला मेंढ्या पाहिल्या, काळ्या झालेल्या. तेव्हा मी म्हटलं, ही जमीन संपली. माझ्या नातवंडांच्या काळातही इथे काही उगवणार नाही."

सुरुचीने हे कधी ऐकलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की युद्ध झालं, बाबा बसमधून जॉर्डनला गेले आणि तिथून विमानाने मुंबईला आले.

"मग तुम्ही परत कशाला आलात?" तिने विचारलं.

"काम होतं. बंद पडलेलं चालू करायचं होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. प्लांटवरच्या त्या भिंतीसमोरही तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. मग ती मुळांकडे वळली. "म्हणजे तुम्ही धुरात उभे होतात, तेव्हाच ह्यांनी काम सुरू केलं असेल."

शरदने आपल्या बुटांकडे पाहिलं. आपल्या बुटांखाली तेव्हा काय चाललं होतं, हा विचार पाच वर्षांत त्याच्या मनाला शिवला नव्हता. मुलीच्या मनात तो पाच मिनिटांत आला होता.

परतताना डॉक्टरांनी सुरुचीला गुळगुळीत काही सांगितलं नाही. "हे बघ, आज तू फूल बघितलंस. माझे बहुतेक दिवस बशा मोजण्यात जातात. दहा प्रयोग फसतात, अकरावाही फसतो. आणि हे वाळवंट आपोआप साफ होईल असं समजू नकोस. कुठं मुळं जगतात, कुठं जगत नाहीत. का, ते मला अजून कळलेलं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं ना, तू काय करतीस, तर एका शब्दात सांगता यायचं नाही. चालेल तुला?"

"कुठल्या विषयाला ॲडमिशन घ्यायची?" सुरुचीने विचारलं.

डॉक्टर हसल्या. "मायक्रोबायॉलॉजी. पुण्याला कर, मुंबईला कर. पण केमिस्ट्री सोडलीस तर माझ्याकडं येऊ नको. तेल कळलं नाही तर तेल खाणारा काय कळणार? आणि तेलाचं तुझ्या बाबांना विचार. माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असंल."

त्या आठवड्यापासून खानविलकरांच्या जेवणाच्या टेबलावर ताटं उशिरा मांडली जाऊ लागली. सुरुची विचारायची, हलकं तेल आणि जड तेल यात फरक काय, कुठलं आधी उडून जातं, डांबर कसं होतं. शरद काड्यापेटीतल्या काड्या ओळीने मांडून तिला कार्बनच्या साखळ्या दाखवायचा. लांब साखळी, छोटी साखळी, वळलेली साखळी. मुलगी त्याच्या कामाबद्दल विचारत होती, आणि त्याला आपलंच काम पहिल्यांदा भेटल्यासारखं वाटत होतं. कुठली साखळी जंतूंना खायला सोपी, हे त्याला सांगता येत नसे. ते ती डॉक्टरांना विचारून यायची आणि मग त्याला शिकवायची.

विनिताला मात्र हे पसंत नव्हतं. "जंतू?" ती म्हणाली. "म्हणजे शिकूनसवरून ही जन्मभर घाणीत हात घालणार? शैलाताईंना विचारा, किती उभं राहावं लागतं ते." तिच्या भावाने तर फोनवर सांगून टाकलं, की नुसतं बीएस्सी म्हणजे मुलीला वाऱ्यावर सोडणं. शरदने मुळांचं सांगितलं की दोघांना ती नुसती कहाणी वाटायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खानविलकर दरवर्षी गावी जात, पण सुरुची त्या वर्षी हट्टाने मागे राहिली. आईला मग राहावंच लागलं. सकाळी ती डॉक्टरांच्या लॅबमध्ये जायची, बाटल्या धुवायची, वाळू चाळायची. ऑगस्टमध्ये एक दिवस तिने आईबाबांना लॅबमध्ये बोलावून घेतलं.

तिने दोन्ही हातांनी धरून एक बशी आणली. बशीवर तिने क्रूड तेलाचा पातळ थर पसरवला होता. काचेमागचा प्रकाश त्यातून तपकिरी दिसत होता. आणि त्या तपकिरीत लहान लहान गोल खिडक्या उघडल्या होत्या. प्रत्येक खिडकीच्या मधोमध एक फिकट ठिपका, भोवती तेलाचा मागमूस नाही, काच लख्ख.

"हे मी त्या मुळांवरून वाढवले," ती आईला म्हणाली. "काल खिडक्या छोट्या होत्या. उद्या मोठ्या होतील."

विनिताने चष्मा लावला. बशीवर वाकून तिने एक खिडकी बघितली, मग दुसरी. तिने बोट पुढे केलं आणि शिवायच्या आधीच मागे घेतलं. "खाल्लं की गं," ती हळूच म्हणाली. "खरंच खाल्लं."

नंतर लिफ्टमध्ये ती नवऱ्याला म्हणाली, "पुण्याला माझी मावसबहीण आहे. पहिलं वर्ष तिच्याकडे राहील. हॉस्टेलचं मग बघू." शरदने लिफ्टचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

सत्त्याण्णव साली सुरुची पुण्याला गेली. सुरुवातीला तिचे हाल झाले. प्रॅक्टिकलची बाई मराठीत झाडायची तेव्हा हिला अर्धं कळायचं नाही. दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीने तिला रडवलं. एमएस्सीनंतर एक वर्ष औषधांच्या कंपनीत नोकरी करून बघितली आणि सोडली. विनिताच्या भावाला तेव्हा "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायची संधी मिळाली. डॉक्टर फखरुन्निसा तोवर निवृत्त होऊन परभणीला गेल्या होत्या. सुरुची त्यांना भेटायला गेली आणि दोन दिवस राहिली. तिथून आली ती पीएचडीचं ठरवूनच. गोव्याला, समुद्राच्या संस्थेत. मातीतले जंतू सोडून आता समुद्राच्या तळाचे.

दोन हजार चारच्या जानेवारीत ती संशोधनाच्या जहाजावरून महिनाभर अरबी समुद्रात गेली. त्या महिन्यात विनिताने हवामानाच्या बातम्या सोडून टीव्हीवर दुसरं काही पाहिलं नाही. एका संध्याकाळी फोन वाजला. जहाज कोचीला लागलं होतं.

"बाबा, तीन किलोमीटर खालचा गाळ वर आला," सुरुची म्हणत होती. मागे बंदराचा गोंगाट होता. "नळीतून. तिथे उजेड कधीच पोचलेला नाही. बर्फासारखा गार, बाबा, हाताला. आणि नुसता मऊ, लोण्यासारखा. मी त्यातला एक थेंब बघितला. त्यातही आहेत. इतके आहेत! त्यांना काय खायला मिळतं, कसे जगतात, आम्हाला काहीच माहीत नाही. सरांनाही माहीत नाही. कुणालाच नाही."

ती बोलत राहिली. मराठीत सुरू करायची, इंग्रजीत शिरायची, मधेच स्वतःला खोडून पुन्हा सांगायची. शरदला निम्मं समजत नव्हतं. तो रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभा होता आणि मधूनमधून फक्त "हं" म्हणत होता, तिची तार तुटू नये म्हणून. बाल्कनीच्या दारातून समुद्र दिसत होता, मावळतीच्या उजेडात सपाट, शांत. इतकी वर्षं त्याने तो रोज बघितला होता. आज त्याची नजर पाण्याच्या पृष्ठभागावर ठरत नव्हती. खाली, त्या अंधारात, कुणाला पत्ता नसलेलं काय काय जगत असेल, आणि त्याच्या दारात जाऊन आलेली मुलगी आपल्या घरात वाढली, या विचारात त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला.

फोन ठेवला तेव्हा विनिता कणीक भरल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काय म्हणत होती? जेवते का नीट?"

"ते विचारायचं राहिलंच."

"इतका वेळ मग काय बोलत होतात?"

"चिखलाबद्दल," शरद म्हणाला.

विनिताने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती हात तसेच वर धरून त्याच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. "सांगा मग मलाही," ती म्हणाली. "सगळं सांगा. न कळलेलंसुद्धा."